हेरांनी आणलेल्या खबरीने इतिहास खरंच बदलतो का?

शोधयात्री

नमस्कार मंडळी,

सध्या दुसऱ्या महायुद्धातल्या हेरगिरीबद्दल बरंच वाचन चालू आहे आणि एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. हेर जिवावर उदार होऊन खबर आणतो, खबर खरी निघते, आणि तरीही वेळेवर कोणी हलत नाही. असं का व्हावं?

रिचर्ड झोर्गेचंच बघा. जन्म बाकूचा, वडील जर्मन, आई रशियन. टोकियोत तो जर्मन वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून राहायचा. नाझी पक्षाचा सभासद, आणि जर्मन राजदूत ऑयगेन ओट याच्या घरात कधीही ये-जा असलेला माणूस. प्रत्यक्षात तो सोव्हिएत लष्करी गुप्तचर खात्याचा होता. जर्मनी जूनच्या उत्तरार्धात रशियावर चालून जाणार, हे त्याने १९४१ च्या उन्हाळ्यात मॉस्कोला कळवलं होतं. हल्ला झाला २२ जूनला. स्टालिनने त्याचं ऐकलं नाही. तसे इशारे आणखीही होते. खुद्द जर्मन हवाईदलाच्या मुख्यालयात बसलेल्या सोव्हिएत खबऱ्याची माहिती १७ जूनला स्टालिनच्या टेबलावर आली, तेव्हा त्याने त्या कागदावर स्वतःच्या हाताने शिवी लिहिली. पाच दिवसांनी सीमेवरची विमानं जमिनीवरच जळत होती.

पुढे जपान यंदा सायबेरियात उतरणार नाही, असं याच झोर्गेने कळवलं. तेव्हा मात्र त्याचं म्हणणं मानलं गेलं आणि पूर्वेकडच्या तुकड्या मॉस्को वाचवायला आल्या. ऑक्टोबर १९४१ मध्ये तो पकडला गेला. ७ नोव्हेंबर १९४४ ला सुगामो तुरुंगात त्याला आणि त्याचा जपानी साथीदार होत्सुमी ओझाकी याला फाशी दिलं. सोव्हिएत युनियनने त्याला आपलं म्हणायला १९६४ साल उजाडावं लागलं.

माझं मत स्पष्ट सांगतो. आधुनिक इतिहासात हेरांना जितकं श्रेय दिलं जातं तितकं त्यांचं नाही. निर्णय खुर्चीतला माणूस घेतो आणि त्याला जे ऐकायचं असतं तेच तो ऐकतो. तुम्हाला काय वाटतं? केवळ खबरीमुळे पारडं फिरलं असं एखादं उदाहरण कोणी देईल का?

मुठाकाठ

वाचनखूण साठवली आहे. खुर्ची टाकून बसलोय, येऊ द्या प्रतिसाद.

गणितवेडी

असहमत! एनिग्मा, म्हणजे जर्मनांचं संदेश गुप्त लिपीत बदलणारं यंत्र, विसरलात का?

आणि एनिग्मा म्हटलं की सगळे थेट ब्लेचली पार्क हे ब्रिटिशांचं संकेत फोडायचं केंद्र आणि तिथला गणितज्ञ ट्युरिंग यांच्यावर जातात, म्हणून जरा आधीपासून सांगते. हे यंत्र पहिल्यांदा फोडलं पोलंडच्या तीन तरुण गणितज्ञांनी: मारियान रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की. साल १९३२, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्याही आधी. रेयेव्स्कीने क्रमचयांचं गणित लावून आत न बघताच यंत्राची जोडणी शोधून काढली. पण त्या गणिताला खतपाणी मिळालं ते एका हेराकडून. हान्स-थिलो श्मिट नावाचा जर्मन संकेतलिपी कचेरीतला माणूस पैशासाठी फ्रेंचांना कागद विकत होता, आणि फ्रेंचांनी ते पोलंडला दिले. युद्ध सुरू व्हायच्या जेमतेम महिनाभर आधी, जुलै १९३९ मध्ये, वॉर्साजवळच्या पिरी गावात पोलंडने आपलं सगळं काम ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केलं. ब्लेचलीची इमारत या पायावर उभी आहे.

या कामामुळे युद्ध निदान दोन वर्षांनी लवकर संपलं, असा अंदाज ब्रिटिश गुप्तवार्तेचे अधिकृत इतिहासकार हॅरी हिन्स्ली यांनी दिला होता. याला पारडं फिरणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

रेयेव्स्कीचं पुढे काय झालं हे वाचलं की मात्र जीव कळवळतो. युद्धानंतर तो पोलंडला परतला आणि बिदगोश्चच्या कारखान्यांत हिशेबाचं काम करत राहिला. आपण काय केलं आहे याबद्दल त्याने वर्षानुवर्षं अवाक्षर काढलं नाही.

रांगडा_मावळा

हेरांची चर्चा चालली आहे आणि बहिर्जी नाईकांचं नाव नाही? निषेध!

शोधयात्री

मावळे, निषेध मान्य :) धागा आधुनिक काळाचा आहे म्हणून थांबलो होतो. पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. बहिर्जींनी सुरतेची खडान्‌खडा माहिती आणली असं आपण ऐकत आलो, पण तिच्या भरवशावर इतक्या लांबची मोहीम काढायची हिंमत महाराजांची. ऐकणारा तसा होता.

गणितवेडी, पोलंडची माहिती फार आवडली. पण संदेश फोडणं आणि माणूस पेरणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत का?

गणितवेडी

श्मिट पेरलेला नसेल, पण फितवलेला तर होता ना! दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्याच असतात.

दर्यावर्दी

चर्चा फारच 'खबर' या शब्दाभोवती फिरते आहे. गुप्तचर संस्था नुसत्या बातम्या गोळा करत नाहीत, त्या सरकारं पाडतात. इतिहास बदलायचं म्हणाल तर तिथे बदलला आहे, आणि वाईटासाठी.

जहाजावर नोकरी करताना बंदर अब्बासला अनेकदा जाणं झालं. इराणी माणसाशी चहा घेत जरा निवांत बोललात की १९५३ चा विषय निघतोच. मोहम्मद मोसादेघ तिथला निवडून आलेला पंतप्रधान. १९५१ मध्ये त्याने ब्रिटिशांच्या ताब्यातल्या अँग्लो-इराणियन तेल कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटनने इराणच्या तेलावर बहिष्कार घातला. मग ब्रिटनची एमआय-६ आणि अमेरिकेची सीआयए यांनी मिळून त्याला घालवायचं ठरवलं. मोहिमेचं नाव एजॅक्स, आणि तेहरानमध्ये ती चालवणारा कर्मिट रूझवेल्ट हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा नातू. १५ ऑगस्टच्या रात्रीचा पहिला डाव फसला आणि इराणचा राजा शाह आधी बगदादला, तिथून रोमला पळाला. वॉशिंग्टनमध्ये सगळे गाशा गुंडाळायच्या बेतात होते. रूझवेल्ट तेहरान सोडायला तयार नव्हता. भाड्याने जमवलेले जमाव, विकत घेतलेली वृत्तपत्रं, फितवलेले लष्करी अधिकारी, सगळं वापरून १९ ऑगस्टला मोसादेघचं सरकार पाडलं. त्याला तीन वर्षं तुरुंग, आणि त्यानंतर १९६७ मध्ये मरेपर्यंत अहमदाबाद नावाच्या आपल्या गावी नजरकैद.

१९५४ मध्ये तेलाचं नवं कंत्राट झालं, त्यात अमेरिकी कंपन्यांचा वाटा ४० टक्के. पुढे शाहची सावाक ही पोलिसी यंत्रणा, छळ, १९७९ ची क्रांती, अमेरिकी वकिलातीतले ओलीस. तिथपासून आजपर्यंतचं पश्चिम आशियाचं राजकारण बघा. सीआयएने आपला हात असल्याचं कागदोपत्री कबूल केलं ते २०१३ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी. माझ्या मते हा विसाव्या शतकातला सर्वांत महाग पडलेला 'यशस्वी' कट आहे.

फारसीप्रेमी

दर्यावर्दी, तपशील बरोबर, पण सगळं रूझवेल्टच्या पदरात टाकू नका. १९५३ च्या उन्हाळ्यापर्यंत मोसादेघचे जुने सोबती त्याला सोडून गेले होते. आयातुल्ला काशानी, ज्यांच्या पाठिंब्यावर तेलाचा लढा उभा राहिला, ते विरोधात गेले होते. तेल विकलं जात नव्हतं, पगार द्यायला पैसा नव्हता, संसद बरखास्त करायला त्याने घाईने सार्वमत घेतलं. सीआयएने ठिणगी टाकली, पण लाकडं वाळलेली होती. सगळं परक्यांनीच घडवलं म्हटलं की इराणी माणसाला स्वतःच्या इतिहासात जागाच उरत नाही.

दर्यावर्दी

लाकडं वाळली कशाने? बहिष्काराने. आणि तो घातला कोणी? तुमचा मुद्दा नाकारत नाही, पण ठिणगी टाकणाऱ्याची जबाबदारी त्याने कमी होत नाही.

चहाबाज

जरा हलकं काही. हुआन पुजोल नावाचा स्पॅनिश गडी, ब्रिटिशांकडचं टोपणनाव गार्बो. जर्मनांना खोटी माहिती पुरवायला त्याने तब्बल २७ हाताखालचे हेर उभे केले, सगळे निव्वळ कल्पनेतले! त्यातला लिव्हरपूलचा एक हेर 'मेला', वर्तमानपत्रात निधनाची बातमी छापून आली आणि जर्मनांनी त्याच्या 'विधवेला' पैसेसुद्धा दिले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांनी केलेला नॉर्मंडीचा हल्ला खोटा आहे, खरा कॅलेच्या बाजूला होणार, हे त्यांच्या गळी उतरवण्यात याचा मोठा वाटा. शेवटी जर्मनीचा आयर्न क्रॉस आणि ब्रिटनचा एमबीई असे दोन्ही बाजूंचे सन्मान एकाच माणसाला!

केतकी_ठाणे

चहाबाज, ती विधवा अफाट आहे :D

जुनीपुराणी

आपल्याकडचं एक प्रकरण सांगते. यात मराठी माणसं आहेत, आणि ती जवळजवळ विस्मृतीत गेली आहेत.

११ एप्रिल १९५५. एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान हाँगकाँगहून जकार्ताला निघालं. आशिया-आफ्रिकेतल्या देशांच्या बांडुंग परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार त्यात होते. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय याच विमानाने जाणार अशी समजूत होती. समुद्रावर असताना उजव्या पंखाखाली, चाकाच्या कप्प्यात बाँब फुटला. कप्तान दामोदर काशिनाथ जटार. आग लागलेलं, धुराने भरलेलं विमान त्यांनी समुद्रावर उतरवायचा प्रयत्न केला. हवाई सेविका ग्लोरिया बेरी शेवटपर्यंत प्रवाशांना जीवरक्षक जॅकेटं वाटत होत्या. १९ जणांपैकी १६ गेले. वाचले ते तिघे, सगळे कर्मचारी: दीक्षित, पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक. जटार आणि बेरी यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

भारताच्या बाजूने तपासाला गेले रामेश्वरनाथ काव, जे पुढे १९६८ मध्ये 'रॉ'चे पहिले प्रमुख झाले. हाँगकाँगच्या विमानतळावर साफसफाई करणाऱ्या एका माणसाने कुओमिंतांगकडून, म्हणजे तैवानमधल्या कम्युनिस्टविरोधी चिनी पक्षाकडून, पैसे घेऊन बाँब ठेवल्याचं निष्पन्न झालं. तो अटक व्हायच्या आत विमानाने तैवानला पळाला.

आता शोधयात्रींच्या प्रश्नाकडे येते. चिन्यांना या कटाची कुणकुण आधीच होती, हे पुढे त्यांच्याच कागदपत्रांतून बाहेर आलं. चाऊ यांनी बेत बदलला आणि ते वाचले. विमान मात्र उडालं. म्हणजे खबर होती, तिच्यावर कृतीही झाली, पण ती एका माणसापुरती. जटारांना कोणी काय सांगितलं? मला हे वाचून फार संताप येतो. 'खबर मानली की नाही' एवढंच विचारून भागत नाही हो. ती कोणासाठी मानली, हेही विचारा.

मुठाकाठ

जुनीपुराणी, हे अजिबात माहीत नव्हतं. वाचून सुन्न झालो.

शोधयात्री

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न माझ्या मूळ मांडणीत नव्हता आणि तो असायला हवा. यावर स्वतंत्र लेख लिहाच.

निवृत्त_जवान

कारगिलवर थोडं लिहितो. तेव्हा सेवेत होतो, त्या आघाडीवर नव्हतो.

घुसखोरीची पहिली पक्की खबर कोणी दिली? ना उपग्रहाने, ना दिल्लीतल्या कचेरीने. मे १९९९ च्या सुरुवातीला बटालिक भागातल्या गारखोन गावचे ताशी नामग्याल हरवलेला याक शोधायला वर गेले होते. दुर्बिणीतून त्यांना परकी माणसं दिसली आणि त्यांनी खाली येऊन लष्कराला सांगितलं. पुढे कारगिलचा आढावा घेणाऱ्या के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा की माहितीचे तुकडे वेगवेगळ्या संस्थांकडे होते, पण ते एकत्र मांडून बघणारं कोणी नव्हतं. त्यानंतर २००२ मध्ये लष्करी गुप्तवार्तेसाठी डीआयए आणि २००४ मध्ये तांत्रिक कामासाठी एनटीआरओ उभी राहिली.

त्याच युद्धातली दुसरी बाजू म्हणजे 'रॉ'ने पकडलेलं फोनवरचं संभाषण. पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ बीजिंगमध्ये, त्यांच्या हाताखालचे जनरल अझीझ रावळपिंडीत, तारखा २६ आणि २९ मे. वर बसलेले मुजाहिदीन आहेत, आमचा संबंध नाही, हा पाकिस्तानचा दावा त्या बोलण्याने उघडा पडला. सरकारने ११ जूनला ध्वनिफीत जाहीर केली. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत येणार होते.

कोकणकडा

जवानकाका, पण ती ध्वनिफीत जाहीर करायला हवी होती का? एकदा ऐकवली की समोरचा तो फोन पुन्हा वापरणार नाही. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने मिळवलेला कान एका दिवसात गेला.

निवृत्त_जवान

हा वाद खात्यातल्या लोकांतही झाला. माझं मत विचाराल तर जाहीर करणं योग्यच होतं. पोरं डोंगरावर खालून वर चढत होती, आणि आपण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असं ठरवलेलं. अशा वेळी जगाने आपल्या बाजूने उभं राहणं हे दारूगोळ्याइतकंच मोलाचं होतं. कान पुन्हा लावता येतात.

कुलाबेकरीण

माझं माहेर कुलाब्याचं, त्यामुळे २६/११ बद्दल त्रयस्थपणे लिहिणं मला जमणार नाही.

हल्लेखोरांसाठी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली २००६ ते २००८ या काळात मुंबईत पुन्हा पुन्हा येऊन गेला. ताजमध्ये राहिला, चित्रीकरण केलं, बोटीतून फिरून उतरायची जागा बघितली. २००६ मध्ये त्याने दाऊद गिलानी हे नाव बदलून घेतलं, पासपोर्ट अमेरिकी, कोणाला शंका आली नाही. हा माणूस आधी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता! त्याच्या एका पत्नीने हल्ल्याच्या काही महिने आधी इस्लामाबादच्या अमेरिकी वकिलातीत जाऊन त्याच्याबद्दल सांगितलंही होतं. ताजवर हल्ला होऊ शकतो असे इशारे आले होते, बंदोबस्त वाढवला गेला आणि पुन्हा सैल झाला. बधवार पार्कला ते दहा जण उतरले तेव्हा वस्तीतल्या कोळी लोकांनी त्यांना हटकलं होतं. म्हणजे अगदी शेवटच्या पायरीवरसुद्धा कोणाच्या तरी डोळ्यांना ते खटकलं होतं.

खबर नव्हती असं कोणी म्हटलं की माझा तोल जातो. कागद होते. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीच्या अहवालातही हे इशारे कसे हाताळले गेले यावर बोट ठेवलं आहे.

कोकणकडा

ताई, समजू शकतो. पण दुसरी बाजूही मांडतो. असे इशारे रोज ढिगाने येतात, त्यातला खरा कोणता हे घटना घडून गेल्यावरच इतकं स्पष्ट दिसतं.

कुलाबेकरीण

ढिगाने येतात म्हणूनच तर त्या कामाला पगारी माणसं ठेवली आहेत ना? हॉटेलचं नाव घेऊन आलेला इशारा आणि 'किनाऱ्यावर सावध राहा' यांत फरक आहे.

बर्लिनकर

ढिगाचा विषय निघालाच आहे तर पूर्व जर्मनीची गुप्त पोलीस यंत्रणा स्टासी घ्या. इथल्या नॉर्मानेनश्ट्रासवरच्या त्यांच्या मुख्यालयाचं आता संग्रहालय आहे, पाहुणे आले की मी त्यांना आवर्जून नेतो.

पूर्व जर्मनीची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या आसपास. स्टासीचे पगारी कर्मचारी ९१,०००, शिवाय पावणेदोन लाखांच्या घरात खबरी. नवरा बायकोची, मित्र मित्राची खबर देत होता. दस्तऐवज शेजारी शेजारी लावले तर १११ किलोमीटर भरतील इतके. एवढं करून ऑगस्ट १९८९ च्या अखेरीस प्रमुख एरिक मिल्के याने बैठकीत विचारलं, १९५३ च्या जूनसारखा उठाव उद्या होणार का? साहेबाला काय ऐकायला आवडेल हे अधिकाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली, १५ जानेवारी १९९० ला लोक याच इमारतीत घुसले.

आणि त्यांचा सर्वांत गाजलेला हेर? गुंटर गियोम, पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांचा निकटचा सहायक. एप्रिल १९७४ मध्ये पकडला गेला, मे महिन्यात ब्रांट यांनी राजीनामा दिला. पूर्वेशी जुळवून घेणारा हा नेता पूर्व जर्मनीला हवा होता! १९७२ च्या अविश्वास ठरावात ते दोन मतांनी तरले, तेव्हा विरोधी पक्षातल्या एका खासदाराला स्टासीने ५०,००० मार्क चारले होते. म्हणजे ज्याला स्वतः पैसे खर्चून वाचवलं त्यालाच आपल्या हेरामुळे घालवून बसले. परदेशी हेरगिरीचा प्रमुख मार्कुस वोल्फ याने पुढे हे आपलं अपयश म्हणून मान्य केलं.

अक्षरगंध

इराक कसं सुटलं सगळ्यांच्या नजरेतून? शोधयात्रींचं म्हणणं तिथे उलट्या अंगाने खरं ठरतं. 'कर्व्हबॉल' या टोपणनावाच्या इराकी निर्वासिताने जर्मन गुप्तचरांना सांगितलं की सद्दामकडे जैविक अस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळा आहेत. त्याच्या भरवशाबद्दल जर्मनांनाच शंका होती. तरी ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत त्या प्रयोगशाळांची चित्रं दाखवली. २०११ मध्ये त्या माणसाने आपण खोटं बोललो हे उघडपणे सांगितलं. झोर्गेची खरी खबर नको होती म्हणून फेकली, आणि याची खोटी हवी होती म्हणून उचलली. किती माणसं मेली त्यात.

केतकी_ठाणे

नूर इनायत खान यांचं नाव कोणीतरी घ्यायला हवं. टिपू सुलतानच्या वंशातली मुलगी, जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये ब्रिटिशांची रेडिओ चालक. बाकीचे धडाधड पकडले गेले तेव्हा परत येण्याची मुभा असूनही ती मागे राहिली, कारण संदेश पाठवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. तिने इतिहास बदलला का, मला माहीत नाही. पण या धाग्यात ती हवी.

शोधयात्री

केतकी, मनापासून धन्यवाद.

मूळ प्रश्नाकडे वळतो. 'पारडं फिरवणारी खबर' मीच शोधत होतो, आणि मला ओलेग गोर्दिएव्हस्कीपाशी थांबावंसं वाटतं. सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीचा अधिकारी, लंडनच्या वकिलातीत नेमणूक, आणि आतून ब्रिटिशांचा माणूस. १९८३ च्या नोव्हेंबरात नाटोचा 'एबल आर्चर' हा सराव झाला. अमेरिका पहिला अणुहल्ला करणार, या भीतीने सोव्हिएत नेते खरोखर पछाडलेले आहेत, हे त्याने कळवलं. पश्चिमेकडे तोवर असं धरून चाललं होतं की ही मॉस्कोची नुसती ओरड आहे. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर यांनी ते मनावर घेतलं, ती माहिती अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यापर्यंत गेली, आणि पुढे भाषा मवाळ झाली. १९८५ मध्ये मॉस्कोत तो संशयात सापडला, तेव्हा ब्रिटिशांनी त्याला मोटारीच्या डिकीत लपवून फिनलंडच्या हद्दीत काढलं.

या खबरीत ना शस्त्रांचा नकाशा होता, ना हल्ल्याची तारीख. समोरचा घाबरला आहे, एवढंच होतं. मला हे हेरगिरीतलं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

दर्यावर्दी

हे उदाहरण पटलं. पण तुमच्या बाजूचं की गणितवेडींच्या?

गणितवेडी

अर्थात माझ्या! खबरच नसती तर थॅचरबाईंनी मनावर घेतलं असतं तरी काय?

निवृत्त_जवान

गोर्दिएव्हस्की वाचला, पण सगळे वाचले नाहीत हेही लिहून ठेवतो. त्याच १९८५ मध्ये सीआयएच्या ऑल्ड्रिच एम्सने पैशासाठी सोव्हिएत बाजूला नावं विकायला सुरुवात केली. तो १९९४ मध्ये सापडला. तोपर्यंत त्याने दाखवून दिलेली निदान दहा माणसं मारली गेली होती. त्यांच्यात दिमित्री पोल्याकोव्ह हे सोव्हिएत जनरल होते, ज्यांनी अमेरिकेकडून पैसा जवळपास घेतलाच नव्हता.

बर्लिनकर

पोल्याकोव्ह यांच्यावर कोणाला सविस्तर लिहिता येईल का? भारतातही त्यांची नेमणूक होती.

जुनीपुराणी

दिल्लीत होते, सोव्हिएत लष्करी प्रतिनिधी म्हणून. जवानकाकांनीच घ्यावं मनावर. मी तोवर जटार आणि कर्णिकांवर लिहायला घेते.